वाटाड्या कुणाचा?

पावसाळा सरत आला होता आणि आम्ही चौघांनी शिवथरघळीला जायचे ठरवले होते. पुण्याहून कापूरहोळ, भोर, मग नीरा-देवघरच्या जलाशयाकडेने हिर्डोशी, वरंधा घाट उतरला की महाड तालुका आणि बारसगावच्या फाट्यावरून आत घळीकडे, हा पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओळखीचा रस्ता. गाडीत चार माणसे आणि तीन मोबाइल. तिन्हींवर वाट दाखवणारी तीन निरनिराळी ॲप्स मुद्दाम सुरू करून ठेवली होती. या विषयावर बोलणारे पुष्कळ झाले आहेत, निदान एकदा शेजारी-शेजारी ठेवून पाहावे, हा माझा हट्ट.

पहिल्याने ‘शिवथर’ एवढे लिहिताच सातारा तालुक्यातील शिवथर गावाकडे नेण्याची तयारी दाखवली. नावात चूक नव्हती, गाव तेवढे दुसरे होते! दुसऱ्याने घळ अचूक ओळखली, अंतर सांगितले, पोहोचण्याची वेळ मिनिटांत दिली आणि निळी रेघ थेट वरंधा घाटातून ओढली. तिसऱ्याला इंटरनेट लागत नव्हते. भोर मागे पडल्यावर रेंज गेली, तेव्हा उरलेली दोन घुटमळू लागली आणि हे एकटे बोलत राहिले, परंतु त्याच्या नकाशात वाटेवरचा पेट्रोलपंप नव्हता, दवाखाना नव्हता, चहाची टपरीही नव्हती. टपरी प्रत्यक्षात होती. तिथेच आम्हांला समजले की दरडींच्या भयाने घाट बंद ठेवण्याचा जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश आहे आणि पुढे रस्त्यावर बॅरिकेड आडवे लावले आहे. टपरीवाल्याने आमच्या हातांतील तिन्ही मोबाइलकडे एकवार पाहिले आणि म्हणाला, “घाट बंद हाय सायेब. त्याला काय इचारता, मला इचारा की!” वाई, महाबळेश्वर, पोलादपूर असा वळसा घ्या, नाहीतर घरी जा, घळ कुठे पळून जात नाही, हा त्याचा सल्ला. आम्ही वळसा घेतला.

या तिघांपैकी देशी कोणते, परदेशी कोणते, हे मी येथे सांगत नाही. एका दिवसाच्या प्रवासावरून कुणाला नापास करणे अन्यायाचे होईल. पण त्याहून महत्त्वाचे असे की, आमची फजिती देशीपणाने किंवा परदेशीपणाने झालेली नव्हती. ती कशाने झाली, हे नीट समजून घेतल्यावाचून ‘स्वदेशी नकाशा वापरा’ ही घोषणा म्हणजे निव्वळ गळ्याचा व्यायाम होय.

या घोषणेला ताजे निमित्त आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी ‘मॅपल्स’ हे भारतीय ॲप स्वतः वापरून दाखवणारी चित्रफीत प्रसिद्ध केली आणि देशवासीयांना ते वापरून पाहण्याचे आवाहन केले. आपल्या मंडळींत उत्साहाची लाट आली. आठ दिवस जो तो भेटेल त्याला विचारत होता, “उतरवून घेतले का?” नवव्या दिवशी काय झाले? माझ्या परिचयातील बहुसंख्यांच्या मोबाइलमध्ये ते ॲप आजही आहे. परंतु उशीर होत असला, लग्नाचा मुहूर्त गाठायचा असला किंवा रुग्णालयात पोहोचायचे असले की बोट आपसूक गुगलच्या चिन्हावर पडते. व्यासपीठावर स्वदेशी आणि गाडीत परदेशी! दुसरीकडे आमचे इंग्रजाळलेले टीकाकार आहेतच. त्यांना या सगळ्यात ‘राष्ट्रवादाचा गोंधळ’ दिसतो. नकाशा म्हणजे एक सोय, ती फुकट मिळते, ती अमेरिकेने दिली काय नि आंध्रने दिली काय, असा त्यांचा युक्तिवाद. या दोन्ही पक्षांना मला काही सांगायचे आहे, आणि खरे सांगायचे तर आपल्या माणसांना अधिक.

आधी टीकाकारांचे पाहू. नकाशा ही केवळ सोय असती, तर इंग्रजांनी १८०२ पासून पुढची कित्येक दशके लॅम्बटन आणि एव्हरेस्ट यांच्याकडून या उपखंडाची त्रिकोणमितीने इंच इंच मोजणी करवून घेतली नसती. ज्याच्या हाती मोजणी, त्याच्या हाती मुलूख, हे त्यांना कळत होते. तिबेटात गोऱ्या माणसाला प्रवेश नव्हता, तेव्हा त्यांनी कुमाऊंच्या एका शिक्षकाला, नैनसिंह रावत यांना, यात्रेकरूच्या वेषात धाडले. त्यांच्या हातातील जपमाळेत १०८ नव्हे, १०० मणी होते, ठरावीक पावले झाली की एक मणी ओढायचा. प्रार्थनाचक्राच्या पोटात जपाच्या कागदांऐवजी टिपणे. अशा रीतीने पावले मोजत हा माणूस ल्हासापर्यंत जाऊन आला आणि १८७७ साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले. हिमालयातील सर्वोच्च शिखराची उंची मांडणाऱ्या गणितात राधानाथ सिकदार यांचा वाटा सर्वमान्य आहे, शिखराला नाव मात्र एव्हरेस्टचे लागले. पावले आपली, गणित आपले, नकाशा त्यांचा. ज्यांना हा इतिहास ‘जुनाट’ वाटतो, त्यांनी आपल्या खिशातील यंत्राकडे पाहावे. आज आपण सारेच नैनसिंह आहोत. फरक इतकाच, की त्यांना आपण मोजणी करत आहोत हे माहीत होते आणि त्याचे वेतनही मिळत होते. गुगलच्या पडद्यावर पुणे-सातारा रस्त्यावरची गर्दी लाल रंगाने दिसते ती कुठून येते? त्या रस्त्यावर रखडलेल्या हजारो लोकांच्या मोबाइलच्या वेगावरून! मोजणी आपली फुकट आणि तिच्यावर उभा राहिलेला व्यापार त्यांचा.

नकाशा निष्पक्ष असतो, ही तर भाबडी समजूत. भारतात बसून पाहिले तर त्याच कंपनीच्या नकाशात जम्मू-काश्मीरची सीमा सलग रेघेने दिसते, भारताबाहेर पाहिले की तीच सीमा तुटक होते. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी मेक्सिकोच्या आखाताचे नाव बदलले, तर काही आठवड्यांच्या आतच अमेरिकी वापरकर्त्यांना ‘गल्फ ऑफ अमेरिका’ दिसू लागले, मेक्सिकोतल्यांना जुनेच नाव आणि उरलेल्या जगाला दोन्ही. कंपनीचा यात फार दोष आहे असेही नाही. ती ज्या देशात धंदा करते तिथल्या सत्तेपुढे मान तुकवते. प्रश्न एवढाच, की ज्या दिवशी दोन सत्तांचे हितसंबंध परस्परविरोधी होतील, त्या दिवशी ही मान कुठे तुकेल? दक्षिण कोरियाने हा प्रश्न वेळीच विचारला. ते लोकशाही राष्ट्र आहे, अमेरिकेचे मित्र आहे, अमेरिकी फौजा त्याच्या भूमीवर आहेत. तरीही आपल्या देशाचा तपशीलवार नकाशा बाहेर नेण्याची गुगलची मागणी त्याने २००७ साली नाकारली आणि २०१६ मध्ये पुन्हा नाकारली. त्याच काळात तिथे नेव्हर आणि काकाओ या कोरियन कंपन्यांचे नकाशे असे रुजले की सोलमध्ये उतरणारा परदेशी प्रवासीच चाचपडू लागला. कोरियाला कुणी संकुचित म्हटल्याचे ऐकिवात नाही.

आपल्याकडे काय होत होते? २०१३ साली गुगलने भारतात ‘मॅपेथॉन’ ही स्पर्धा घेतली, आपापल्या परिसरातील ठिकाणे नकाशात भरा आणि बक्षिसे जिंका. लोकांनी हौसेने माहिती भरली. भारतीय सर्वेक्षण विभागाने पोलिसांत तक्रार केली आणि पुढे प्रकरण केंद्रीय अन्वेषण विभागाच्या प्राथमिक चौकशीपर्यंत गेले. पण या विभागाचा तरी गौरव किती करावा? १७६७ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे नकाशे दीर्घकाळ सामान्य भारतीयाला इतक्या निर्बंधांत मिळत, की भारतीय उद्योजकाने नकाशा करायचा तर परवानग्यांच्या खेट्यांतच त्याचे वय निघून जावे. परक्याला अडवता येत नव्हते आणि आपल्याला मात्र अडवले जात होते. ही कोंडी १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी फुटली. भारतीय संस्थांना पूर्वपरवानगीविना मोजणी करता येऊ लागली. आणि आडव्या अंतरात एक मीटर व उंचीत तीन मीटर यांहून सूक्ष्म अशी माहिती केवळ भारतीय संस्थांनीच निर्माण करावी व ती भारतातच साठवावी, असे ठरले. पुढच्याच वर्षी, जुलै २०२२ मध्ये, गुगलचे रस्त्यांची छायाचित्रे दाखवणारे ‘स्ट्रीट व्ह्यू’ भारतात आले, ते मुंबईच्या जेनेसिस आणि टेक महिंद्र या कंपन्यांनी टिपलेल्या सामग्रीच्या आधारे. पुणे, नाशिक आणि तेव्हाचे अहमदनगर पहिल्या दहा शहरांत होते. धोरण ठाम असले की बलाढ्यही दारातून येतात, खिडकीतून नव्हे.

आणि फुकटेपणाचा तो लाडका युक्तिवाद! सामान्य माणसाला नकाशा फुकट दिसतो, तरी त्या नकाशावर ज्यांचा धंदा चालतो त्या टॅक्सीवाल्या, जेवण पोहोचवणाऱ्या, औषधे पोहोचवणाऱ्या कंपन्या गुगलला पैसे मोजतात आणि ते अखेरीस आपल्याच बिलात येतात. २०१८ साली गुगलने हे दर भरमसाट वाढवले. जुलै २०२४ मध्ये ओलाने आपण गुगलचा नकाशा सोडल्याचे आणि त्यामुळे वर्षाला १०० कोटी रुपये वाचणार असल्याचे जाहीर केले. त्याच महिन्यात गुगलने भारतातील दर ७० टक्क्यांपर्यंत उतरवले, आकारणीही रुपयांत सुरू केली. स्पर्धक उभा राहण्यापूर्वी ही उदारता कुठे होती? म्हणून म्हणतो, ज्यांना देशी नकाशा कधीच वापरायचा नाही त्यांनीही तो जगावा अशी प्रार्थना करावी. (याच प्रकरणात मॅपल्सची जननी असलेल्या मॅपमायइंडियाने ओलावर आपली सामग्री नकलल्याचा आरोप करून नोटीस बजावली, ओलाने तो आरोप फेटाळला. देशी विरुद्ध देशी या भांडणात न पडता एवढेच म्हणेन की नकाशा पायांनी आणि चाकांनी मोजावा लागतो, घोषणापत्राने तो तयार होत नाही. १९९५ पासून ही मोजणी करत आलेल्या कंपनीचा संताप समजण्यासारखा आहे.)

आता आपल्या माणसांकडे वळतो.

मोबाइलवर स्वदेशी ॲप उतरवून घेतले म्हणजे आपण स्वतंत्र झालो, असे ज्यांना वाटते त्यांना माझा साधा प्रश्न आहे: पडद्यावरचा तो निळा ठिपका, ‘तुम्ही येथे आहात’ असे सांगणारा, तो कोण ठेवतो? ॲप ठेवत नाही. तो उपग्रह ठेवतात. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे अमेरिकी लष्कराचे जीपीएसचे उपग्रह, रशियाचे ग्लोनास, युरोपचे गॅलिलिओ आणि चीनचे बैदू. आजचे बहुतेक मोबाइल या साऱ्यांचे संकेत एकत्र घेतात. याचा अर्थ असा, की आपला कार्यकर्ता अभिमानाने स्वदेशी नकाशा उघडतो, तेव्हा त्या नकाशावर त्याला उभा करणाऱ्यांत चिनी उपग्रहही असतात! हे वाक्य लिहिताना मला आनंद होत नाही. परंतु वाचकांपासून ते लपवणे अधिक वाईट.

परक्या उपग्रहावर विसंबण्याची किंमत काय, हे कारगिलच्या संदर्भात नेहमी सांगितले जाते. अमेरिकेने जीपीएसची माहिती नाकारली, ही कथा आपल्या सभांतून इतकी रंगवली जाते की तिची गरजच नाही अशी वस्तुस्थिती मागे राहते. ती अशी, की १९९९ साली जगातील सर्व नागरिकांना मिळणारा जीपीएसचा संकेत अमेरिका जाणूनबुजून बिघडवूनच पाठवत असे. चूक १०० मीटरपर्यंत जाई. मे २००० मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी हा बिघाड बंद केला, म्हणून तर पुढे खिशात मावणारे वाटाडे शक्य झाले. ज्याने एका आदेशाने नळ सोडला तो एका आदेशाने बंदही करू शकतो, यासाठी कोणत्याही दंतकथेचा आधार नको.

याचे उत्तर भारताकडे आहे आणि त्याचे नावही सुंदर आहे. २००६ साली मंजूर झालेल्या प्रकल्पातील पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी गेला, सातवा २८ एप्रिल २०१६ रोजी, आणि त्याच दिवशी पंतप्रधान मोदी यांनी या मालिकेला ‘नाविक’ हे नाव दिले. भारत आणि त्याच्या सभोवतीचा १५०० किलोमीटरचा टापू एवढेच तिचे क्षेत्र. योजना विचारपूर्वक आखलेली होती. घात केला तो घड्याळांनी. उपग्रहाचे स्थाननिर्धारण म्हणजे वेळेचे गणित असते. प्रकाशाच्या वेगाने येणारा संकेत किती क्षणांत पोहोचला यावरून अंतर काढायचे. घड्याळ एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकले, तर जमिनीवर ३०० मीटरची चूक. म्हणून उपग्रहात रुबिडियमची आण्विक घड्याळे लागतात. आपण ती युरोपातून आणली होती. पहिल्याच उपग्रहातील तिन्ही बंद पडली! त्याच्या जागी ऑगस्ट २०१७ मध्ये पाठवलेला उपग्रह वरचे उष्णतारोधक कवच न सुटल्यामुळे वाया गेला. २०१८ मध्ये एक यशस्वी झाला. मे २०२३ मध्ये स्वदेशी आण्विक घड्याळ घेऊन एनव्हीएस-०१ गेला, तो खरा अभिमानाचा दिवस. या उपग्रहाने मोबाइलला सोयीचा एल-१ हा संकेतही आणला. पण जानेवारी २०२५ मध्ये, श्रीहरिकोट्याच्या शंभराव्या उड्डाणात गेलेला एनव्हीएस-०२ झडप न उघडल्याने नियोजित कक्षेत पोहोचू शकला नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये सरकारने संसदेत सांगितले की स्थाननिर्धारणाची सेवा देणारे उपग्रह चार आहेत. स्थान काढायला किमान चारच लागतात. चारांत एक गेला की ‘नाविक’ स्वतःच्या बळावर वाट दाखवू शकत नाही.

बैदूचे काय झाले? चीनने जून २०२० मध्ये शेवटचा उपग्रह सोडून जागतिक मालिका पुरी केली. आपल्यापेक्षा चीनचा पैसा मोठा, हे खरे. परंतु सात उपग्रहांची मालिका सात ठेवणे हा पैशाचा प्रश्न नाही, अग्रक्रमाचा आहे. नवा उपग्रह जुना मरण्याआधी तयार असावा लागतो, हे घरातल्या गॅसच्या टाकीबाबत गृहिणीला कळते. सरकार आपल्या विचारांचे आहे म्हणून असे प्रश्न विचारू नयेत, हा संस्कार आपल्याला कुणी दिलेला नाही. स्वदेशी जागरण मंच उभारणाऱ्या दत्तोपंत ठेंगडींनी अटलजींच्या सरकारच्या आर्थिक धोरणावर जाहीर टीका केली होती, आणि ती स्वदेशीसाठीच केली होती. २०२२ साली प्रत्येक नव्या मोबाइलमध्ये ‘नाविक’ सक्तीचा करण्याचा विचार पुढे आला, मोबाइल कंपन्यांनी खर्चाचे रडगाणे गायले. मी तेव्हा या कंपन्यांवर संतापलो होतो. आज वाटते, ज्याचे उपग्रह आपण पुरे ठेवू शकत नाही, त्याची सक्ती दुसऱ्यावर कोणत्या तोंडाने करणार? आधी सात पुरे करा, मग दंडुका उगारा. नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात सीमाभागात, मुख्यतः अमृतसर आणि जम्मू परिसरात, विमानांच्या जीपीएस संकेतांत गडबड झाल्याच्या ४६५ घटना सरकारनेच लोकसभेत सांगितल्या आहेत. घाई करायला याहून वेगळे कारण हवे काय?

राहिला ॲप्सच्या तुलनेचा प्रश्न. अभिनिवेश बाजूला ठेवून सांगायचे तर शहरातील कोंडी, दुकाने, वेळेचा अंदाज यांत गुगल पुढे आहे आणि त्याचे कारण बुद्धिमत्तेपेक्षा संख्या हे आहे. ज्याचे वापरकर्ते अधिक त्याला गर्दी अधिक कळते. म्हणून देशी नकाशा वापरणे ही केवळ भावनिक गोष्ट राहत नाही, वापरल्यानेच तो सुधारतो. मॅपल्सची खरी ताकद वेगळ्या ठिकाणी आहे. उड्डाणपुलाच्या तोंडाशी वर जायचे की खालून, या क्षणी ते चौकाचे हुबेहूब चित्र दाखवते, आणि पुण्या-मुंबईत ज्याने चुकीचा उड्डाणपूल पकडून तीन किलोमीटरची शिक्षा भोगली आहे त्याला याचे मोल सांगायला नको. गतिरोधक, वेगमर्यादा, टोलचा खर्च, घरापर्यंतचा सहा अक्षरी संकेत, हे भारतीय रस्त्याला ओळखणाऱ्याचेच काम आहे. दुर्गभ्रमंती करणाऱ्यांनी मात्र या दोघांवर विसंबू नये. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून केलेल्या मुक्त नकाशावर चालणारी ऑरगॅनिक मॅप्स किंवा ओएसमअँड ही ॲप्स नकाशा आधीच मोबाइलमध्ये साठवतात आणि रेंज नसतानाही चालतात. हा मुक्त नकाशा २००४ साली इंग्लंडात जन्मला, तरी त्याचा मालक कुणी नाही. त्यात भरलेली माहिती आपणही घेऊ शकतो, आपल्या कंपन्याही. माझ्या मते स्वदेशीच्या चौकटीत तो बसतो. सह्याद्रीतील पुष्कळ पाऊलवाटा तिथे मराठी गिर्यारोहकांनीच रेखल्या आहेत.

मात्र कोणत्याही ॲपने आपली अक्कल ताब्यात घेऊ नये. जानेवारी २०२१ मध्ये पुण्याहून कळसूबाईकडे निघालेली गाडी अकोले तालुक्यात कोतूळजवळ धरणाच्या पाण्यात बुडालेल्या पुलावर गेली आणि चालकाचा जीव गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या अर्धवट पुलावरून गाडी कोसळून तिघे मृत्युमुखी पडले. दोन्ही वेळी नकाशाला दोष दिला गेला. नकाशा परका असो की आपला, पूल वाहून गेला आहे, पाण्याखाली आहे, घाट बंद आहे, हे त्याला कुणीतरी सांगावे लागते. बरेलीच्या पुलावर साधा अडथळा का नव्हता? आणि आमच्या वरंध्याच्या घाटाचे काय? जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश निघतो, त्याची प्रत वृत्तपत्रांकडे जाते, पोलिसांकडे जाते, व्हॉट्सॲपवर शिक्क्यासह तिरके छायाचित्र फिरते. नकाशाकडे मात्र तो जात नाही. बांधकाम खात्याने बंद रस्त्यांची यादी रोजच्या रोज संगणकाला वाचता येईल अशा रूपात खुली करावी आणि प्रत्येक नकाशा-कंपनीला ती घेणे बंधनकारक करावे, याला ना उपग्रह लागतो, ना परकीय चलन. अमुक नकाशा वापरा असे सांगणाऱ्या सरकारने आधी आपली माहिती नकाशाला द्यावी. टपाल खात्याने मे २०२५ मध्ये आयआयटी हैदराबाद आणि इस्रोच्या साहाय्याने ‘डिजिपिन’ आणला, देशातील प्रत्येक चार मीटर चौकोनाला दहा अक्षरांचा पत्ता. उत्तम काम! पण आमच्या पोस्टमनला अजून त्याबद्दल विचारले तर तो प्रेमाने पिनकोड सांगतो.

शेवटी भाषा, कारण या विषयातील माझी खरी जखम तिथे आहे. नकाशावर मराठी अक्षरे दिसतात म्हणून आपण खूश होतो. ती अक्षरे पुष्कळदा इंग्रजीतून उलटी फिरून आलेली असतात. जानेवारी २०२१ मध्ये गुगलनेच सांगितले की दहा भारतीय भाषांतील ठिकाणांची नावे रोमन लिपीवरून आपोआप लिप्यंतरित केली जात आहेत. रोमन लिपीला ‘ळ’ नाही, ‘ण’ नाही, ‘ट’ आणि ‘त’ यांतला भेद नाही, ऱ्हस्व-दीर्घ नाही. मग तळेगावचे तलेगाव होणार, वणी आणि वाणी एकच ठरणार, वाडा की वडा हे यंत्र नाणे उडवून ठरवणार! औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव व्हावे म्हणून आपण दशकानुदशके झगडलो, २०२३ साली ते झाले. परंतु ज्या हजारो गावांची नावे कुणी शासनादेशाने नव्हे, केवळ आळसाने बिघडवली जात आहेत, त्यांच्यासाठी एक निवेदन तरी गेले काय? राज्यव्यवहारकोश करवून घेणाऱ्या शिवछत्रपतींच्या आणि भाषाशुद्धीसाठी झिजलेल्या सावरकरांच्या नावाने आपण कार्यक्रम करतो. एखाद्या रविवारी दहा तरुणांनी आपल्या तालुक्यातील गावांची, वाड्यांची, फाट्यांची नावे मराठीत शुद्ध लिहून ती या नकाशांना कळवली, तर तो कार्यक्रम कुठे कमी पडेल? गावचा तलाठी, ग्रामपंचायतीचा फलक, आणि मंदिरापुढे बसलेली म्हातारी माणसे, एवढी सामग्री पुरते. पाणंद रस्ते कोणते बारमाही आणि कोणते चार महिने चिखलात, हेही त्यांच्याइतके कुणाला ठाऊक नसते.

आम्ही सुरुवात केली आहे. त्या दिवशी लांबच्या वळशाने घळीपाशी पोहोचायला दुपार टळली. दर्शन झाल्यावर आम्ही आंबे शिवथर, कसबे शिवथर आणि कुंभे शिवथर ही तिन्ही नावे गावकऱ्यांकडून खात्री करून मराठीत लिहिली, घळीकडे वळणाऱ्या फाट्याची खूण टिपली आणि तिन्ही ॲप्सना दुरुस्ती म्हणून पाठवली. एकाने चार दिवसांत स्वीकारली. दुसऱ्याने महिन्याने. तिसऱ्याचे उत्तर अद्याप आलेले नाही, म्हणून गेल्या आठवड्यात पुन्हा पाठवली.